परमुलखात वावरताना

टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डाव्या बाजूला उभे राहतात आणि उजवी बाजू घाईतल्या माणसांसाठी मोकळी सोडतात. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तासांवरच्या ओसाकात उतरलं की बरोबर उलट, तिथे उभं राहायचं उजवीकडे. हे दोन्ही पाठ करून टोकियोला लागून असलेल्या साइतामा प्रांतात गेलात, तर तिथे ऑक्टोबर २०२१ पासून नियमच आहे की सरकत्या जिन्यावर चालायचं नाही, सगळ्यांनी स्थिर उभं राहायचं. नागोया शहरानेही ऑक्टोबर २०२३ पासून तसाच नियम केला. कारण साधं आहे. भराभर चढणाऱ्याचा धक्का लागून वयस्क माणसं पडतात, आणि ज्याचा एकच हात चालतो त्याला कठडा ज्या बाजूने धरता येईल त्याच बाजूला उभं राहावं लागतं.

'हे करा, हे करू नका' अशा देशवार याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. विमानातून उतरेपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं, आणि जे आठवतं ते कधीकधी जुनं झालेलं असतं. लक्षात राहतो तो नियमामागचा माणूस. प्रत्येक रीत कुणाला तरी जपत असते. शेजारच्या घरात झोपलेल्याला, रांगेत आपल्याआधी आलेल्याला, यजमानाच्या शब्दाला, घरातल्या गेलेल्या माणसाला. ती कुणाला जपते हे कळलं की वेगळं पाठांतर लागत नाही, आणि कुठल्याच यादीत नसलेल्या प्रसंगीही अंदाज बांधता येतो. पुढच्या पायऱ्या प्रवासाच्या क्रमाने लावल्या आहेत.

१. निघण्याआधी: कायदा वेगळा काढा, रीत वेगळी

रीत मोडली तर माणसं दुखावतात, कायदा मोडला तर दंड होतो किंवा तुरुंग. म्हणून आधी कायद्याची बाजू पाहून घ्या. थायलंडमध्ये राजघराण्याचा अवमान हा फौजदारी संहितेच्या ११२व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. तिथल्या नोटांवर राजाचं चित्र असतं, त्यामुळे वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबून धरणं हेसुद्धा करू नये. सिंगापूरच्या मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यगाळ्यांच्या सार्वजनिक मंडईत, जेवून झाल्यावर ट्रे उचलून ठेवणं १ सप्टेंबर २०२१ पासून बंधनकारक आहे. पहिल्या वेळी लेखी समज मिळते, दुसऱ्या वेळी ३०० डॉलर भरावे लागतात. रोममधल्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसता येत नाही. बसलात तर ४०० युरोपर्यंत दंड आहे.

यानंतर पंचांग पाहा, म्हणजे त्या ठिकाणचं. रमजानच्या महिन्यात कुवेतमध्ये दिवसा उघड्यावर खाणंपिणं हा दंडनीय गुन्हा आहे. जिथे कायदा तितका कडक नाही, तिथेही उपाशी माणसासमोर पाण्याची बाटली तोंडाला लावताना जरा आडोसा शोधावा. बालीत 'न्येपी'चा दिवस मौनाचा असतो. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कुणी फिरत नाही, दिवे मंद ठेवतात, आणि हे सगळं पर्यटकांनाही लागू असतं. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

शेवटी त्या भाषेतले चार शब्द शिका: नमस्कार, कृपया, धन्यवाद, माफ करा. उच्चार चुकला तरी चालतो. आपण प्रयत्न केला हे समोरच्याला दिसतं, आणि पुढची बरीच अडचण तिथेच सुटते.

२. पहिला शब्द

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना पहिला शब्द 'बोंझूर' असतो. किंमत विचारणं, वस्तू दाखवायला सांगणं हे सगळं त्यानंतर. फ्रेंच दुकानदार उद्धट असतात अशी तक्रार करणाऱ्या प्रवाशांना मी नेहमी विचारतो की आत शिरल्यावर तुम्ही आधी काय बोललात? 'एक्सक्यूज मी, हे केवढ्याला?' असं थेट विचारलं की त्या माणसाच्या दृष्टीने तुम्ही त्याच्या अस्तित्वाची दखल न घेता त्याच्याकडून काम करून घेताय. संध्याकाळ झाली की 'बोंस्वार' म्हणायचं, आणि बाहेर पडताना 'मेर्सी, ओ र्‍व्हार'. बेकरीत, बसच्या चालकाला, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसलेल्यांना, सगळीकडे हेच.

पश्चिम आफ्रिकेत हा पहिला शब्द एवढ्यावर भागत नाही. सेनेगलसारख्या ठिकाणी आधी प्रकृती, मग घरच्यांची खुशाली, मग काम अशी विचारपूस चालते, आणि ती आवरती घेऊन मुद्द्यावर येणं उतावीळपणाचं दिसतं. रस्ता विचारायचा असला तरी आधी माणसाची चौकशी करा. अमेरिकेत याच्या उलट अनुभव येतो. 'हाऊ आर यू' हे तिथे केवळ अभिवादन आहे. त्याला 'गुड, अँड यू?' एवढंच उत्तर अपेक्षित असतं, तब्येतीचा तपशील नव्हे.

हस्तांदोलनाबाबत एक नियम पाळला तर जगभर पुरतो: पुरुषाने परक्या स्त्रीपुढे स्वतःहून हात करू नये, तिने केला तर घ्यावा. अनेक मुस्लिम आणि कर्मठ ज्यू कुटुंबांत परपुरुषाचा स्पर्श वर्ज्य असतो. अशा वेळी उजवा हात छातीवर ठेवून मान किंचित लववली की आदर पोचतो आणि कुणीच अवघडत नाही. थायलंडच्या 'वाय'मध्ये हात जोडतात आणि वयाने वा मानाने मोठ्या माणसासमोर जोडलेले हात अधिक वर जातात. धाकट्याने आधी करायचा असतो, त्यामुळे लहान मुलाला किंवा वेटरला तुम्ही आधी वाय केलात तर त्यांनाच संकोच वाटतो. त्यांनी केल्यावर हसून मान हलवणं पुरेसं.

३. उंबरठा

जपानी घरात दाराशी 'गेन्कान' नावाचा खोलगट भाग असतो. जोडे तिथेच काढायचे आणि वरच्या पायरीवर पाय ठेवायचा तो जोड्याशिवाय. काढलेल्या जोड्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. आत सपाता मिळतात, पण 'तातामी'च्या खोलीत त्याही बाहेर ठेवायच्या, कारण त्या चटईवर माणसं बसतात आणि तिथेच गादी अंथरून झोपतात. शौचालयात वेगळ्या सपाता असतात आणि त्या घालूनच घरभर फिरणं ही परक्यांकडून होणारी नेहमीची चूक. म्हणून एक व्यावहारिक सूचना: प्रवासात न फाटलेले, स्वच्छ मोजे जवळ ठेवा आणि चटकन निघणारे जोडे घाला.

कोरिया, तुर्कस्तान, फिनलंड, स्वीडन इथेही घरात जोडे काढतात. स्पेन किंवा इटलीत मात्र पाहुण्याने न सांगता जोडे काढून अनवाणी फिरणं काहींना जरा जास्तच सलगीचं वाटतं. दाराजवळ जोड्यांची रांग दिसते का ते पाहा. दिसली नाही तर विचारा. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

रशियात उंबरठ्यावरून हस्तांदोलन करत नाहीत, कारण ते अशुभ मानतात. आत या म्हटल्यावर आत जा, मग हात द्या. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत न्या; सम संख्येतली फुलं तिथे अंत्यविधीसाठी असतात. चीनमध्ये घड्याळ भेट देऊ नका, कारण 'घड्याळ देणं' हे शब्द उच्चारायला 'अखेरचा निरोप देणं' या शब्दांसारखेच आहेत. चीन आणि जपानमध्ये यजमानाने भेटवस्तू न उघडता बाजूला ठेवली तर मन खट्टू करून घेऊ नका. ती देणाऱ्यासमोर उघडणं अधाशीपणाचं वाटू नये म्हणून तसं करतात. कोरियात देणं-घेणं दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताने देताना डावा हात उजव्या हाताला टेकवून.

४. गाडी, रांग आणि आवाज

जपानच्या लोकल गाड्यांत फोनवर बोलत नाहीत. फोन मूक ठेवायचा, पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्यायची किंवा वरच्या फळीवर ठेवायची. डब्यात पन्नास माणसं असून शांतता असते, कारण त्यातली कितीतरी दिवसभर राबून डुलक्या घेत असतात. फोन अगदी आलाच तर हळू आवाजात 'गाडीत आहे, उतरल्यावर करतो' एवढं बोलून ठेवून द्या. दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या मेट्रोत डब्याच्या टोकाच्या जागा ज्येष्ठांच्या असतात आणि गर्दीतही तरुण त्या रिकाम्याच ठेवतात. गुलाबी जागा गरोदर स्त्रियांसाठी. 'रिकामी आहे तोवर बसतो' हा विचार आपल्याला रास्त वाटतो, पण पोटातलं मूल लहान असताना गरोदरपण दिसत नाही आणि जागा मागायला लाज वाटते. हीच अडचण ओळखून लंडनच्या वाहतूक यंत्रणेने २००५ पासून 'बेबी ऑन बोर्ड' लिहिलेले बिल्ले द्यायला सुरुवात केली. बिल्ला दिसला की उठायचं, विचारत बसायचं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा.

ब्रिटनमधल्या रांगेबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती न दिसणारी रांग. स्वीडनमध्ये औषधांच्या दुकानात दाराशी यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची असते. ती न घेता काउंटरशी उभे राहिलात तर कुणी काही बोलणार नाही, पण तुमची पाळीही येणार नाही. स्पेनच्या बाजारात गेल्यावर 'शेवटचं कोण?' असं विचारतात. उत्तर देणाऱ्यामागे तुमचा नंबर, मग कुणी कुठेही उभं राहिलेलं असो. सिंगापूरच्या खाद्यगाळ्यांत टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नसतं. त्याला 'चोप' करणं म्हणतात, म्हणजे जागा धरलेली आहे.

किती जवळ उभं राहावं, याचं मोजमाप एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात केलं. त्याने अमेरिकनांच्या निरीक्षणातून मांडलं की ओळखीच्या माणसांमधलं अंतर सुमारे ४५ ते १२० सेंटिमीटर असतं आणि अनोळखी व्यवहारात त्याहून जास्त. अरब आणि भूमध्य समुद्राकाठच्या समाजांत हे अंतर बरंच कमी असतं. समोरचा मागे सरकला तर तिथेच थांबा, पुढे पाऊल टाकू नका. समोरचा जवळ आला तर लगेच मागे सरकू नका. फिनलंडमध्ये बसथांब्यावर लोक एकमेकांपासून हातभर नव्हे, चांगले दोन-तीन पावलं दूर उभे असतात. तिथे बाकाचा दुसरा कोपरा निवडावा.

नेदरलँड आणि डेन्मार्कमध्ये पायी चालणाऱ्याने जपायचं ते सायकलींना. लालसर डांबराचा किंवा पदपथाहून किंचित खाली असलेला पट्टा सायकलींचा असतो. फोटोसाठी त्यावर थांबलात तर मागून येणाऱ्या दहा जणांना ब्रेक लावावा लागतो. डेन्मार्कमध्ये कॅफेबाहेर बाबागाडीत झोपलेलं बाळ दिसलं तर घाबरून पोलिसांना फोन करू नका. आईबाप आत बसलेले असतात आणि बाळाला मोकळ्या हवेत झोपवणं ही तिथली रीत आहे.

५. जेवायला बसल्यावर

इथे चुका सगळ्यात जास्त होतात आणि मनालाही लागतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

चॉपस्टिक भाताच्या वाडग्यात उभ्या खोचू नका. जपानमध्ये मृतासमोर ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी अशाच एकमेकांकडे देत कलशात ठेवतात. हे कळलं की ती चूक हातून पुन्हा होत नाही. समोर बसलेल्या आजींनी कदाचित याच हातांनी नवऱ्याच्या अस्थी उचललेल्या असतील. कुणाला काही वाढायचंच असेल तर त्याच्या ताटलीत ठेवा.

पूर्व आशिया म्हणजे सगळं एकच, असं समजू नका. जपानमध्ये भाताचा वाडगा हातात उचलून खातात. कोरियात वाडगा टेबलावरच राहतो आणि भात चमच्याने खातात. जपानमध्ये नूडल्स फुर्र आवाज करत ओढणं चालतं, पण जेवताना नाक शिंकरणं दोन्हीकडे वाईट दिसतं. उठून बाहेर जा. कोरियात सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलेपर्यंत थांबायचं. मद्य घेतलं जात असेल तर धाकटा माणूस तोंड बाजूला वळवून पेला ओठांना लावतो, आणि आपला पेला आपण भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरायचा. जपानी जेवणाआधी 'इतादाकिमासु' आणि नंतर 'गोचिसोसामा' म्हणतात. हॉटेलातून निघताना बल्लवाकडे पाहून दुसरा शब्द म्हटलात तर त्याला फार बरं वाटतं.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टकटकवतात, हेच धन्यवाद. दंतकथा अशी की एक सम्राट वेषांतर करून फिरत असताना त्याने सेवकांच्या पेल्यात चहा ओतला. दंडवत घातला तर ओळख फुटेल म्हणून त्यांनी बोटांनीच दंडवत घातला. बोलणं न तोडता आभार मानता येतात, हा तिचा खरा उपयोग. चीनमध्ये यजमानाने भरपूर वाढलं हे दिसावं म्हणून ताटात थोडं उरवण्याची जुनी पद्धत होती. पण २०२१ मध्ये तिथे अन्ननासाडीविरोधी कायदा झाला आणि आता जास्त अन्न टाकणाऱ्या गिऱ्हाइकाकडून हॉटेल पैसे घेऊ शकतं. दहा वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन वाचून जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

इथिओपियात सगळे एकाच मोठ्या 'इंजेरा'वरून, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यावरून खातात, उजव्या हाताने. यजमान एक घास गुंडाळून थेट तुमच्या तोंडात भरवेल. याला 'गुर्शा' म्हणतात. तो नाकारणं म्हणजे माया नाकारणं. तोंड उघडा, आणि नंतर तुम्हीही एक भरवा. तिथल्या कॉफीच्या तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना आणि बराका. बराका म्हणजे आशीर्वाद, त्यामुळे आमंत्रण स्वीकारताना घड्याळ बाजूला ठेवूनच स्वीकारा. आखाती देशांत कॉफीचा कप लहान असतो आणि तो थोडाथोडा पुनःपुन्हा भरला जातो. पुरे झालं की रिकामा कप मनगटातून हलवून परत द्यायचा, नाहीतर यजमान ओततच राहील. जॉर्जियात 'सुप्रा' नावाच्या मेजवानीत 'तमादा', म्हणजे शुभेच्छांची भाषणं करणारा प्रमुख, बोलून झाल्याशिवाय वाइनचा पेला तोंडाला लावायचा नाही.

जे पदार्थ तुम्हाला धर्मामुळे, व्रतामुळे किंवा तब्येतीमुळे चालत नाहीत ते आमंत्रण मिळाल्याबरोबर सांगा. ताट समोर आल्यावर सांगितलं तर यजमानाची सकाळपासूनची मेहनत वाया जाते आणि त्याला सर्वांदेखत ओशाळायला होतं.

६. पैसे देताना

अमेरिकेत हॉटेलात वाढणाऱ्याला १५ ते २० टक्के टिप द्यायची, यावर परदेशी माणसं कुरकुर करतात. पण टिप मिळवणाऱ्या कामगारासाठी तिथलं संघराज्याचं किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं पूर्ण वेतन देतात, बाकी अनेक ठिकाणी टिप हाच पगार. पद्धत चुकीची वाटत असेल तरी तिची शिक्षा त्या टेबलावर वाढणाऱ्याला देऊ नका. फ्रान्समध्ये सेवेचं मूल्य किमतीतच धरलेलं असतं, वर सुटे ठेवले तर ठीक. जपानमध्ये टिप देत नाहीत. पैसे टेबलावर सोडलेत तर विसरलात असं समजून कुणीतरी मागे धावत येईल. दुकानात पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवतात.

इराणमध्ये 'तारोफ', म्हणजे नम्रतेचा औपचारिक आग्रह-नकार, समजून घ्यावा लागतो. टॅक्सीवाला भाडं विचारल्यावर 'घाबेल नदारे' म्हणतो, म्हणजे 'तुमच्यापुढे याची काय किंमत'. हे मनाचं औदार्य आहे, पण फुकट नेल्याची घोषणा नाही. दोन-तीनदा आग्रह करा, तो भाडं सांगेल, ते द्या. आणि कुणी घरी जेवायला बोलावलं तर लगेच हो म्हणू नका. नम्रपणे नको म्हणा, तिसऱ्यांदाही मनापासून बोलावलं तर जा.

७. देवस्थानं, कॅमेरा आणि लोकांचं दुःख

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मशिदीत जोडे बाहेर आणि स्त्रियांचं डोकं झाकलेलं, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पुरुषांचं, गुरुद्वारात सगळ्यांचं. एक हलकी ओढणी किंवा उपरणं पिशवीत असलं की या सगळ्या गरजा भागतात. बौद्ध स्तूपाला उजवं घालून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने प्रदक्षिणा करा. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका. श्रीलंकेत तर मूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणंही अनादराचं मानतात. थायलंडमध्ये स्त्रीने भिक्षूला स्पर्श करू नये आणि त्याच्या हातात थेट वस्तूही देऊ नये. बालीच्या पदपथांवर फुलांच्या छोट्या पानडोण्या दिसतील. त्या 'चनांग सारी' म्हणजे त्या सकाळचा नैवेद्य असतात, पाऊल जपून टाका.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकाची गोष्ट मला या साऱ्यात फार महत्त्वाची वाटते. तो खडक अनांगू लोकांचा पवित्र ठेवा आहे आणि १९८५ मध्ये त्याची मालकी त्यांना परत मिळाली. चढण्याची वाट त्यांच्या पूर्वजांशी जोडलेली आहे. शिवाय आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याला काही झालं तर त्याचं दुःख आणि जबाबदारी ते आपली मानतात, आणि त्या चढणीत तीसहून अधिक माणसं मेली. त्यांनी वर्षानुवर्षं पायथ्याशी विनंतीचा फलक लावला: कृपया चढू नका. कायद्याने बंदी नव्हती म्हणून लोक फलकाशेजारून चढत राहिले. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं कायमचं बंद झालं. बंदी येण्याआधी तो फलक वाचून ज्यांनी पायथ्याभोवतीची वाट धरली, त्यांच्याकडून शिकायचं. कायद्यात मुभा असली तरी यजमानाने 'नको' म्हटलेलं असतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

फोटोचंही तेच. क्योटोच्या गिओन वस्तीत कामाला निघालेल्या गेइको आणि माइको (गेइशा आणि शिकाऊ गेइशा) यांना पर्यटक गाठू लागले, किमोनो ओढू लागले. तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत फोटोबंदी करून १०,००० येन दंडाचे फलक लावले. माणसाचा फोटो काढण्याआधी कॅमेरा दाखवून भुवया उंचावल्या तरी प्रश्न पोचतो. मान हलली नाही तर कॅमेरा खाली. मुलांचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही, प्रार्थनेतल्या माणसाचा नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समूहांत मृत माणसाचं नाव घेणं आणि चित्र दाखवणं घरच्यांना वेदना देतं. तुमच्याकडे जुना फोटो असेल तर आधी विचारा.

८. डोकं, पाय, बोटं

थायलंडमध्ये डोकं पवित्र आणि पाय सर्वांत खालचे. मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवू नका, बसलेल्या माणसाला ओलांडू नका, वस्तू पायाने सरकवू नका. न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही डोकं 'तापू', म्हणजे पवित्र, असतं. तिथे टेबलावर किंवा उशीवर बसत नाहीत, कारण अन्नाची आणि डोक्याची जागा पार्श्वभागापासून वेगळी ठेवायची असते. मलेशिया आणि इंडोनेशियात तर्जनीने माणसाकडे बोट दाखवत नाहीत, मूठ वळून अंगठ्याने दिशा दाखवतात. फिलिपिन्समध्ये बोट वाकवून कुणाला बोलावू नका, तळवा खाली ठेवून हात हलवा. ग्रीसमध्ये उघडा पंजा समोरच्यासमोर धरणं ही शिवी आहे, आणि ब्रिटनमध्ये विजयाची दोन बोटं हाताची पाठ समोर करून दाखवली तर तीही. बल्गेरियात मान खाली-वर हलवणं म्हणजे 'नाही' आणि आडवी हलवणं म्हणजे 'हो'. तिथे मान स्थिर ठेवून शब्दांनीच बोला.

९. मुक्कामाच्या जागी

जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळतात आणि रविवारी दिवसभर. भिंतीत भोक पाडणं, गवत कापणं, काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकणं हे काहीही रविवारी करायचं नाही. रविवारच्या विश्रांतीला तिथे घटनेचंच संरक्षण आहे: १९१९च्या वायमार घटनेतलं कलम १९४९च्या मूलभूत कायद्यात तसंच ठेवलं. त्यामुळे शेजारी दार ठोठावून सांगायला आला तर तो तुसडा आहे असं समजू नका, त्याच्या आठवड्यातला हा एक दिवस आहे. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंटची अनामत असते. दुकानात परत द्यायला वेळ नसेल तर बाटली कुंडीत टाकू नका, कुंडीशेजारी उभी ठेवा. त्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या माणसाला मग कचऱ्यात हात घालावा लागत नाही.

जपानमध्ये रस्त्यावर कुंड्या फार कमी सापडतील. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी कितीतरी कुंड्या काढल्या गेल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात, तुम्हीही एक पिशवी ठेवा. 'ओनसेन'मध्ये म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून अंग साबणाने नीट धुवायचं, साबण उरू द्यायचा नाही, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी सगळ्यांचं आहे. टॅटू असेल तर प्रवेश आहे का ते आधी विचारा. फिनलंडच्या सौनातही, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या स्नानातही, आधी आंघोळ, आणि बसायला खाली टॉवेल.

१०. चूक झाली तर, आणि निघताना

चूक होणारच. ती लक्षात आली की तीन गोष्टी करा: जे करत होतात ते थांबवा, एक पाऊल मागे घ्या, त्यांच्या भाषेत माफी मागा. 'आमच्याकडे असं चालतं' हे स्पष्टीकरण त्या क्षणी देऊ नका, आणि ओशाळून हसूही नका. दुखावलेल्या माणसाला ते हसू त्याच्यावरचं वाटतं. मग विचारा, 'कसं करायचं, दाखवाल का?' बहुतेक माणसं आनंदाने दाखवतात.

अनेक ठिकाणी मात्र चूक कुणी सांगणारच नाही. चीन, जपान, कोरियात पाहुण्याची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून यजमान गप्प राहतो. बोलणं अचानक थांबलं, नजरा खाली गेल्या, कुणी तुमची वस्तू हळूच दुसरीकडे ठेवली, तर काहीतरी चुकलं असं समजा. नंतर एकट्यात, विश्वासातल्या समवयस्काला विचारा.

निरोप घेताना घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला आधी भेटा, आणि जिने स्वयंपाक केला तिला शोधून भेटा. ती बऱ्याचदा आतच असते. इराणमध्ये उठल्यावरही दाराशी बराच वेळ बोलणं चालतं, त्यासाठी वेळ राखून ठेवा. जपानमध्ये पाहुणचाराचे आभार त्या दिवशी एकदा मानून संपत नाहीत. पुढे आठवड्याने, महिन्याने पुन्हा गाठ पडली की 'त्या दिवशीबद्दल धन्यवाद' असं म्हणतात, आणि ते न म्हणता दुसऱ्या विषयाला हात घातला तर यजमानाला चुकल्यासारखं वाटतं. निघताना वहीत तारीख आणि काय खाल्लं ते लिहून ठेवा, पुढच्या भेटीतलं पहिलं वाक्य तयार राहील.